बॉयकॉट : एका आडनावाचं सामान्यनाम

मोर्च्यात, पत्रकात, भाषणात आपण 'बॉयकॉट' हा शब्द सहज फेकतो. इंग्रजीत आज ते सामान्यनाम आहे. पण १८८० पर्यंत ते फक्त एका माणसाचं आडनाव होतं.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. आयर्लंडातल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा, थकला की कुळाला घरादाराबाहेर काढायचं, हा त्याचा धंदा.

त्याच मेयोचा मायकेल डेव्हिट. त्याच्या बापाला असंच जमिनीवरून हुसकलेलं. पोरगा लँकेशायरच्या कापड गिरणीत लागला. अकराव्या वर्षी हात मशीनच्या दात्यात गेला. उजवा हात कापावा लागला. खात्यात उभं राहून पाळी काढणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. या थोट्या गिरणी कामगारानं १८७९ साली लँड लीग उभी केली. अध्यक्ष पार्नेल.

सप्टेंबर १८८०. एनिसच्या सभेत पार्नेल म्हणाला, हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, महारोग्यासारखा एकटा पाडा. इकडे अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितलेली. लॉर्ड १० टक्क्यांवर अडून. बॉयकॉटनं नोटिसा धाडल्या. बायांनी नोटीसवाल्याला चिखलाखाली पळवला. मग गडी गेले. लोहार, धोबीण, टपालवाला, सगळे बंद. दुकानदार माल देईना. पीक काढायला उत्तरेकडून ५० मजूर आणले, त्यांच्या राखणीला हजारेक शिपाई. ५०० पौंडांच्या पिकापायी सरकारचे १०,००० पौंड गेले असं सांगतात. नोव्हेंबरअखेर कॅप्टननं मेयो सोडलं. ओमॅली नावाच्या गावच्या पाद्र्यानं या हत्याराला त्याचंच नाव दिलं. ग्रीकातून आलेला जडजंबाल शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही म्हणून.

आता मित्रांनो, त्या महारोग्यापाशी थांबा. पार्नेलला हे हत्यार सुचलं कुठून? समाजानं आधीच कुणाला तरी बाहेर बसवलेलं होतं, त्यातून. आपल्याकडे तर त्यासाठी कॅप्टन जन्मायची वाट कुणी पाहिली नाही. बहिष्कार म्हणजेच बाहेर करणं. गावच्या बोलीत वाळीत टाकणं. आपण जन्मताच बाहेर. म्हणून बाबासाहेबांच्या १९२७ च्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत'.

बाहेरचा माणूस हक्क मागायला लागला की गाव दुसऱ्यांदा बहिष्कार घालतं. बाबासाहेब सभासद असलेल्या स्टार्ट समितीनं १९३० च्या अहवालात हे लिहून ठेवलंय : रोजगार बंद, वाट बंद, दुकान बंद, पाणी बंद. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्काराला शिक्षा मागितली ती ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्याचा दाखला देऊन. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला २०१६ चा.

म्हणजे शब्द एक, पण त्याच्या पोटात दोन गोष्टी. कॅप्टनला राखायला पलटण आली, परतायला इंग्लंड होतं. आपल्या वस्तीला परतायला कुठलं इंग्लंड? ज्याच्या हातात जमीन, विहीर, दुकान आहे, त्यानं ते बंद केलं तर तो उपासमारीचा हुकूम. ज्याच्या हातात फक्त स्वतःची मेहनत आहे, त्यानं ती काढून घेतली तर तो लढा. २०१६ साली उना इथं चामडं सोलणाऱ्या आपल्या भावांना मारलं, तेव्हा गुजरातमधल्या दलितांनी मेलेली ढोरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. ढोर ओढायचं बंद. बॉयकॉटचा मेयोतला अर्थ हा.

तेव्हा पेपरात 'गावाचा बहिष्कार' असं छापून आलं की पहिला सवाल हाच करायचा : कुणी, कुणाचं, काय बंद केलं? उत्तरात भाकरी आणि पाणी आलं, तर शब्दाच्या भानगडीत पडू नका. सरळ पोलीस ठाणं गाठा, गुन्हा नोंदवा.