पाळणा आणि पाळत

परभणीच्या स्टेशन रोडवरच्या एका मेडिकलमध्ये, गोळ्यांच्या बरण्यांच्या वर, एक पिवळी पट्टी चिकटवलेली आहे : 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीत आहात'. तिचा एक कोपरा उचकटलाय. परवा माझ्या पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी ती एकेक अक्षर जुळवत वाचली आणि मुलाला विचारलं, "निगराणी म्हंजे काय रं?" तो म्हणाला, "ध्यान ठेवायलेत आपल्यावर." बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीत भिंतीभिंतीवर एक भला मोठा चेहरा लावलेला असतो आणि त्याखाली जवळजवळ याच अर्थाची ताकीद. त्या चेहऱ्याचं नाव 'बिग ब्रदर', म्हणजे थोरला भाऊ. १९९९ साली डच दूरचित्रवाणीनं हे नाव उचलून एका घरात माणसं कोंडण्याचा खेळ सुरू केला. त्याचा हिंदी अवतार २००६ साली आला, मराठी २०१८ साली, आणि येताना भावाचा 'बॉस' झाला. ऑर्वेलचं नाव कधी कानावर न आलेली घरंसुद्धा रात्री जेवणं उरकून 'बिग बॉस' बघतात. लेखकाचा वारसा असाही पोचतो, मूळ धाक गाळून.

मराठीला मात्र थोरल्या भावाचा धाक बाहेरून आणायची गरज नव्हती. 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, आणि 'दादा' म्हणजे गल्लीत दहशत असलेला माणूसही. 'दादागिरी'तली 'गिरी' फारसीतून आलेली. पकडणं, धरणं या अर्थाच्या ज्या धातूपासून ती निघाली त्यातूनच 'गिरफ्तार'ही निघाला. पोलिसाला आपण 'मामा' म्हणतो, आणि कुणाला फसवलं तर त्याचाही 'मामा' करतो. 'भाऊबंद' जिव्हाळ्याचे, 'भाऊबंदकी' मात्र बांधाच्या भांडणाची.

नजर ठेवण्याच्या शब्दांचंही तसंच. 'पहारा' निघाला 'प्रहरा'तून, म्हणजे वाटून घेतलेल्या वेळेतून. त्यात कुणावर संशय नाही. 'निगराणी' फारसीतली, निव्वळ पाहण्याची. पण 'पाळत' हा शब्द मला फार दिवस छळतोय. तो 'पाळणे'मधून आला, आणि 'पाळणा'ही तिथूनच. ज्या क्रियापदानं लेकराला जोजवायचं, त्याच क्रियापदानं माणसाच्या मागावर राहायचं. सांभाळणं कुठं संपतं आणि मागावर राहणं कुठं सुरू होतं, हे भाषेनं मोकळं सोडलंय. सत्तेला ही मोकळी जागा नेमकी सापडते.

ऑर्वेलला हे पोलिसाच्या वर्दीतून कळलं होतं. त्याचं खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ सालचा, बिहारमधल्या मोतिहारीचा; वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षं तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. पुढं त्यानं जी राजवट रंगवली, तिथं माणसांचा छळ करणाऱ्या खात्याचं नावच प्रेमाचं खातं आहे.

ही कादंबरी १९४८च्या अखेरीस स्कॉटलंडच्या जुरा बेटावर, क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत, त्यानं पुरी केली. त्याच वर्षी इकडं, निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात, एक शब्द असाच उलटा होऊन लोकांच्या दारात उभा होता : रझाकार. अरबी 'रिझा' म्हणजे संमती, खुशी. 'रझाकार' म्हणजे आपखुशीनं सेवा करणारा, स्वयंसेवक. शाळेत, कचेरीत आपण जी 'रजा' मागतो ती याच घराण्यातली. पण कासीम रझवीच्या संघटनेनं त्या शब्दाचं असं काही केलं, की आमच्याकडं आजही कुणी जुलूम केला तर जुनी माणसं म्हणतात, "रझाकारी लावली का काय?" शब्दकोशातला अर्थ परभणीत कुणाला सांगून पाहा, ऐकणारा तुमच्या तोंडाकडं बघत राहील.

या रझाकारीचा शेवट ज्यानं झाला त्याचं नावही तपासून पाहावं असंच. सप्टेंबर १९४८मध्ये १३ ते १७ या तारखांना रणगाडे घेऊन लष्कर आलं, आणि नाव मात्र 'पोलीस अ‍ॅक्शन'. मराठवाडा मोकळा झाला, याचा आनंद मोठा आहे आणि खरा आहे. पण त्यानंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, ते या सौम्य नावाखाली फार काळ झाकलेलं राहिलं, हेही आपणच म्हटलं पाहिजे. आपल्या बाजूचा शब्दही उलटून पाहायचा, हे मी तरी ऑर्वेलकडून शिकलो.

कादंबरी ८ जून १९४९ रोजी निघाली. पुढच्या जानेवारीत तो गेला. मागं त्याच्या नावाचं विशेषण उरलं, 'ऑर्वेलियन', आणि ज्या गोष्टीशी तो आयुष्यभर झगडला तिलाच ते चिकटलं. एवढा अन्याय क्वचित एखाद्या आडनावावर झाला असेल.

मराठीत एका शब्दाचा प्रवास मात्र उलट्या दिशेनं झाला. गावगाड्यात रात्रीची राखण ज्याच्याकडं, तो 'जागल्या'. म्हणजे तोही गावाच्या वतीनं नजर ठेवणाराच. आता गैरव्यवहार उघडकीला आणणाऱ्या माणसाला आपली वर्तमानपत्रं 'जागल्या' म्हणतात. खालून वर पाहणाऱ्याला हा शब्द मिळाला. कुणी पहिल्यांदा तो असा वापरला असेल, त्याला माझा दंडवत.

ज्वारी हुर्ड्यात आली की वडील जागलीला जायचे. लहानपणी दोन-तीनदा मीही गेलो. माळ्यावर कडबा अंथरलेला, अंगावर घोंगडी, उशाला बॅटरी. रानडुकराची चाहूल लागली की वडील उठून लांबलचक हाळी द्यायचे. अंधारातून पलीकडच्या शेतातला ओ यायचा, मग त्याच्याही पलीकडचा, आणि कोण कुठं जागं आहे ते सगळ्या शिवाराला कळायचं.