जुना प्रोसेसर, नवी आज्ञा : कूटलेखनाचे सॉफ्टवेअर अचानक बंद का पडते?

भिलाई : सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर जुन्या संगणकावर कुलूपबंद फाइल उघडत नाही आणि प्रोग्राम क्षणार्धात बंद पडतो. अशा वेळी संगणक बिघडलेलाच असतो असे नाही. अनेकदा सॉफ्टवेअर त्याच्या प्रोसेसरला ठाऊक नसलेली आज्ञा देत असते.

छत्तीसगडमधील या पोलादनगरीत २०१६ साली स्थापन झालेल्या आयआयटीत कूटशास्त्रावर संशोधन चालते. या शास्त्रातील ‘एईएस’ ही कूटलेखन पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली आणि आज ती जगभर वापरात आहे. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर १०, १२ किंवा १४ फेऱ्यांची प्रक्रिया होते. इंटेलने २०१० पासून आपल्या प्रोसेसरांत त्यासाठी सहा खास आज्ञा आणल्या. त्यामुळे एक फेरी एकाच आज्ञेत पूर्ण होऊ लागली.

बिघाड कोठे होतो?

अनोळखी आज्ञा येताच प्रोसेसर काम थांबवतो आणि कार्यप्रणाली तो प्रोग्राम बंद करते. हे टाळण्यासाठी ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेद्वारे प्रोसेसरची क्षमता आधी विचारून घेता येते. ओपनएसएसएलसारखी सॉफ्टवेअर तशी तपासणी करून योग्य मार्ग निवडतात. ही तपासणी राहून गेली किंवा केवळ नव्या प्रोसेसरसाठीच प्रोग्राम बांधला गेला, तर जुना संगणक अडतो.

खरेदीच्या वर्षावरून क्षमता ठरत नाही. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ मध्येही एईएसच्या खास आज्ञा नाहीत. अशाच स्वस्त उपकरणांसाठी गुगलने त्याच वर्षी ‘अ‍ॅडियँटम’ ही पद्धत मांडली.

माहिती सुरक्षित असते का?

खास आज्ञांनी किंवा त्यांच्याविना केलेल्या एईएस कूटलेखनाचे फलित एकच असते. त्यामुळे मूळ फाइल शाबूत असल्यास तीच किल्ली वापरून ती दुसऱ्या संगणकावर उघडता येते. घाईने डिस्क पुसून टाकणे हेच खरे नुकसान ठरू शकते.

सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती कायम वापरणे किंवा कूटलेखनच बंद करणे हा उपाय नव्हे. त्याने सुरक्षेतील त्रुटी उघड्या राहतात. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ या आज्ञेने प्रोसेसरची क्षमता तपासावी आणि सर्वसाधारण प्रोसेसरसाठी बांधलेली ताजी आवृत्ती वापरावी.