बारामाशाच्या चित्रांतील सण आणि विरह

सणाचा दिवस घरांतील माणसांची मोजदाद करतो. एरवीं परगांवीं गेलेल्याची आठवण संसाराच्या रगाड्यांत बुडून जाते. परंतु दिवाळीच्या सकाळीं पाट मांडतांना एक पाट अधिक उरतो, आणि सारा आनंद क्षणभर थबकतो. हें सत्य राजस्थानांतील जुन्या चित्रकारांनीं बारामाशाच्या चित्रांतून मोठ्या मार्मिकतेनें दाखविलें आहे.

ओर्च्छा दरबारचा कवि केशवदास यानें इ. स. १६०१ मध्यें 'कविप्रिया' हा ग्रंथ रचिला. प्रवीणराय ही त्याची शिष्या. तिला काव्यशास्त्राचे धडे देण्याच्या निमित्तानें तो लिहिला गेला. त्यांतील बारा महिन्यांच्या वर्णनावरून पुढें बुंदी, कोटा इत्यादि ठिकाणीं चित्रमालिका तयार झाल्या. महिन्यास एक चित्र. आणि प्रत्येकांत प्रवासास निघूं पाहणारा नायक व 'निदान या महिन्यांत तरी जाऊं नये' असें विनविणारी नायिका.

उत्तरेकडील पंचांगांत महिना पौर्णिमेस संपतो. त्यामुळें दिवाळीची अमावास्या तेथें कार्तिकांत पडते. म्हणून कार्तिकाच्या चित्रांत दीप उजळलेले असतात. स्नानास व पूजेस लोक लोटलेले असतात. फाल्गुनांत होळीचा गुलाल उधळतो, पिचकाऱ्या उडतात, लहानथोर हा भेद उरत नाहीं. या साऱ्या गजबजाटांत नायिकेचें लक्ष मात्र उत्सवाकडे नसतें. तें जाणाऱ्याच्या मुखाकडे असतें. चित्रकार आकांत रंगवीत नाहीं. विनवणीसाठीं उचललेला एक हात त्याला पुरतो.

हा विरह केवळ कविकल्पना नव्हता. बुंदीचे हाडा राजे मोगलांच्या चाकरींत होते. राव रतनसिंह हा जहांगीराच्या कारकीर्दींत दूर बऱ्हाणपुरास राहिला. त्याचा नातू छत्रसाल १६५८ सालीं सामूगढच्या लढाईंत पडला. पावसाळा संपून वाटा मोकळ्या झाल्या, कीं लष्करें हालत. महाराष्ट्रांतही मोहिमांचा आरंभ दसऱ्याच्या सीमोल्लंघनानें होई. दिवे लागण्याचे दिवस आणि शिपाई घराबाहेर पडण्याचे दिवस अशा रीतीनें एकच ठरत.

केशवदासाच्या या बारा चित्रांपैकीं एकांतही नायक अद्याप गेलेला नाहीं. दोघें समोरासमोर आहेत, भोंवतीं सण आहे. तरीही दुःख आधींच येऊन उभें राहिलें आहे. तो गेल्यानंतरचें तेरावें चित्र मालिकेंत नाहीं. तें ज्या घरांत सणाच्या दिवशीं कोणाची तरी वाट पाहिली जाते, त्या घराला काढून दाखविण्याची गरज नसते.