कॅलगरी ते शहादा: खुल्या दुकानाचा मागोवा

हॅकेथॉन म्हटले की आज बक्षिसे आणि रात्रभर जागणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. या प्रथेच्या उगमाकडे आपण चालत गेलो, तर ४ जून १९९९ रोजी कॅनडातील कॅलगरी शहरात पोहोचतो. 'ओपनबीएसडी' ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली घडवणारे दहा प्रोग्रामर तिथे जमले होते. कॅनडाच निवडण्यामागे कारण होते. मजकूर कुलूपबंद करणाऱ्या कूटलेखनाची निर्यात तेव्हा अमेरिकी कायद्याने जखडलेली होती. १९९६पर्यंत तर ते चक्क युद्धसामग्रीच्या यादीत होते. सीमेपलीकडे बसून लिहिलेला कोड जगभर वाटता येत असे. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावावन परिषदेत 'पाम व्ही' या हातातल्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिण्याचे आव्हान याच नावाने दिले गेले, आणि लोकांच्या स्मरणात हॅकेथॉनचे स्पर्धेचे रूपच टिकले. माझ्या मते मूळपुरुषाचा मान कॅलगरीचा आहे. ज्या कुलपावाचून इंटरनेटवर दुकान मांडताच येत नाही, त्या कुलपावर काम करायला ती माणसे एकत्र आली होती.

या दुकानाची वंशावळ त्याहून जुनी आहे. १९७९मध्ये इंग्लंडमधील मायकेल ऑल्ड्रिच यांनी घरातला दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडून खरेदीची सोय दाखवली. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्यानंतर आपण ११ ऑगस्ट १९९४ या तारखेशी थांबू. 'नेटमार्केट' या अमेरिकी संकेतस्थळावरून फिलाडेल्फियातील एका ग्राहकाने गायक स्टिंग यांची सीडी १२ डॉलर ४८ सेंटला घेतली आणि आपल्या कार्डाचा क्रमांक कूटलेखनात गुंडाळून पाठवला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी केली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी 'एसएसएलइए' हे मुक्त कूटलेखन लिहायला घेतले, तेही अमेरिकी कायद्याच्या कक्षेबाहेर. डिसेंबर १९९८मध्ये इतरांनी ते पुढे चालवले, तेव्हा त्याचे 'ओपनएसएसएल' झाले.

कुलूप सर्वांचे झाले, पण दुकान अजून ज्याचे त्याचे होते. मार्च २००० मध्ये जर्मनीत हेराल्ड पोन्से दे लेओन यांनी पुढे 'ओएसकॉमर्स' म्हणून ओळखली गेलेली प्रणाली जीपीएल परवान्याखाली खुली केली. मालाची यादी, टोपली, हिशेब हे सारे कुणीही घ्यावे, बदलावे, फक्त बदललेले वाटताना तेही खुले ठेवावे, अशी त्या परवान्याची अट. मला या साऱ्या इतिहासात सर्वात मोलाची वाटते ती ही अट. तिच्यामुळे २००३मध्ये ओएसकॉमर्सपासून 'झेन कार्ट' वेगळे निघू शकले आणि २०११मध्ये 'जिगोशॉप'पासून 'वूकॉमर्स'. या फारकतींमुळे जुन्या मंडळींची मने दुखावलीही, पण जुना कोड वाया गेला नाही.

आपल्याकडे हा प्रवाह मुंबईत घरच्या धंद्यातून आला. रुषभ मेहता यांना कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायासाठी नीट हिशेबप्रणाली हवी होती. त्या गरजेतून 'इआरपीनेक्स्ट' जन्मली आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांची झाली. तिच्यातील ऑनलाइन दुकानाचा भाग २०२३च्या पंधराव्या आवृत्तीत 'वेबशॉप' या नावाने स्वतंत्र निघाला.

आता आपण नंदुरबार जिल्ह्यात येऊ. शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी हे गाव आहे आणि त्याच तालुक्यात टेंभली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक टेंभलीत दिले गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचा पुढचा धागा तितका परिचित नाही. आधार योजनेचे तेव्हाचे प्रमुख नंदन निलेकणी आणि तिचे मुख्य रचनाकार प्रमोद वर्मा यांनी पुढे सुजित नायर यांच्यासह 'बेकन' ही खुली व्यवहारसंहिता आणली. मालाचा शोध, निवड, मागणी पक्की करणे, पोहोचवणे या प्रत्येक पायरीला ग्राहकाच्या ॲपने काय विचारावे आणि विक्रेत्याच्या ॲपने काय उत्तर द्यावे, हे तिने ठरवून दिले. त्यामुळे दोन्ही ॲप एकाच कंपनीची असण्याची गरज उरली नाही. ओएसकॉमर्सने दुकान खुले केले होते, बेकनने दोन दुकानांमधला रस्ता खुला केला. ३१ डिसेंबर २०२१ रोजी नोंदवलेली 'ओएनडीसी' ही डिजिटल व्यापाराच्या खुल्या जाळ्याची संस्था याच संहितेवर उभी आहे. जुलै २०२२मध्ये नाबार्ड आणि ओएनडीसी यांनी मुंबईत हॅकेथॉन भरवला, तो शेतमालाच्या व्यापारासाठी. कॅलगरीतल्या दहा जणांपुढे निर्यातीच्या कायद्याचा प्रश्न होता. इथे जमलेल्यांपुढे शेतकऱ्याच्या मालाला थेट गिऱ्हाईक मिळवून देण्याचा होता.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने सांगितले की, नोंदलेल्या ८,००० शेतकरी उत्पादक संघटनांपैकी सुमारे ५,००० ओएनडीसीवर आल्या आहेत. आकडा मोठा आहे, पण नाव नोंदले म्हणजे माल विकला गेला असे होत नाही. शहादा परिसरात केळी आणि पपईचे मळे आहेत, आणि पपईच्या भावावरून शेतकरी आणि परप्रांतीय व्यापारी यांच्यात बाजार समितीला बैठका घालाव्या लागतात. झाडावरून उतरवलेली पपई फार दिवस थांबत नाही. तिची प्रत कोणी ठरवायची, वाटेत फळ डागाळले तर नुकसान कोणाच्या खात्यावर, शीतवाहनाचे भाडे कोणी भरायचे, याची उत्तरे नुसत्या नोंदणीने मिळत नाहीत. पुढचा हॅकेथॉन भरेल तेव्हा प्रोग्रामरांच्या शेजारी ब्राह्मणपुरीच्या परिसरातला एखादा पपईवालाही बसलेला असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रतवारीचे रकाने त्याला विचारूनच भरावे लागतील.