बूम व्हँग म्हणजे काय आणि जुन्या छोट्या शिडाच्या बोटीवर तो कसा बसवायचा?

एखाद्या छोट्या शिडाच्या बोटीचा फोटो मोबाईलवर झूम करून पाहा. उभी डोलकाठी दिसेल. तिला जोडलेली, शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी म्हणजे बूम. आणि या दोन काठ्यांच्या कोपऱ्यात तिरका ताणलेला एक दोर दिसेल, तोच बूम व्हँग. ब्रिटनमध्ये त्याला किकिंग स्ट्रॅप किंवा नुसतं किकर म्हणतात.

मी आठवडाभर कोड लिहितो आणि पावसाळा सोडला तर बहुतेक रविवारी मुंबईच्या बंदरात धाकट्या बहिणीबरोबर एंटरप्राइज चालवतो. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली ही दोघांची बोट, लांबी 4.04 मीटर, ओळख म्हणजे निळी शिडं. आमची बोट माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. तिचा व्हँग मी एकदा चुकीचा बसवला होता. त्यावर पुढे येतोच, आधी हा दोर करतो काय ते बघू.

व्हँगचं काम काय?

शीड आत-बाहेर करायला मेनशीट नावाचा दोर असतो. बोट वाऱ्याच्या दिशेने तिरकी चढत असते तेव्हा मेनशीट घट्ट असते आणि तीच बूमला खालीही ओढून धरते. पण वारा बाजूने किंवा पाठीमागून आला की शीड बाहेर सोडावं लागतं, मेनशीट सैल होते आणि बूम वर उचलली जाते. मग शिडाची मागची कड ढिली पडून वरचा भाग पुढच्या बाजूला पिळला जातो. नुसता वेग कमी होत नाही. वारा पाठीवर असताना तो पिळलेला वरचा भाग बोटीला उलट्या बाजूला, म्हणजे शिडाच्या विरुद्ध बाजूला ढकलायला लागतो. बोट डुलते, मग जास्त डुलते, आणि तुम्ही पाण्यात. व्हँग बूमला खाली धरून ठेवतो, म्हणून हे टळतं.

थोडं गणित

व्हँगचं वरचं टोक बूमवर कुठे लावायचं? समजा डोलकाठीवरची खालची कडी बूमच्या सांध्याच्या 50 सेंमी खाली आहे. वरचं टोक सांध्यापासून 50 सेंमी मागे लावलं तर दोर 45 अंशात येतो आणि सांध्यापासून त्याचं लंब अंतर सुमारे 35 सेंमी भरतं. तेच टोक 100 सेंमी मागे नेलं तर लंब अंतर सुमारे 45 सेंमी. म्हणजे अंतर दुप्पट, फायदा जेमतेम सव्वापट, आणि वर पुढे बसणाऱ्याला वाकून दोराखालून जाताना त्रास. म्हणून 45 अंशांच्या आसपास राहा.

आता ताकद. हाताने 20 किलो ओढलं आणि कप्प्यांची रचना 4:1 असेल तर, घर्षण सोडून, बूमवर 80 किलोचा ताण येतो. 2.6 मीटर लांब बूमच्या मागच्या टोकाशी त्याचा परिणाम उरतो जेमतेम 11 किलो! तरफेच्या चुकीच्या टोकाला बसून आपण जोर लावत असतो. म्हणूनच कप्प्या लागतात. आणि म्हणूनच कप्प्या वाढवायचा मोह होतो.

माझी चूक

मला तो मोह झाला. इंजिनिअर माणूस, 4:1 वर समाधान कसं होणार? दुप्पट, परत दुप्पट करत मी 16:1 ची रचना केली. हातात दोर इतका हलका लागायचा की मजा वाटायची. पण 20 किलोला 16 ने गुणलं की 320 होतात. घर्षणात चौथा हिस्सा गेला तरी 240 किलो. हा सगळा ताण बूमच्या खालच्या बाजूला तीन जुन्या ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटांवर बसवलेल्या पट्टीवर येत होता, आणि ओढ सरळ खाली, म्हणजे रिव्हेट उपटणारी.

दुपारी पश्चिमेचा वारा चढला होता, आम्ही वारा पाठीवर घेऊन परतत होतो. एक झोत आला, पट्टी निघाली, बूम वर उडाली आणि बोट आमच्याच अंगावर उलटली. मी बाहेर फेकलो गेलो. बहीण शिडाखाली. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, पण ती लगेच वर येईना. 16:1 चा दुसरा हिशोब मी केलाच नव्हता: व्हँग 10 सेंमी आखूड करायला 160 सेंमी दोर ओढावा लागतो, आणि तो सगळा दोर बोटीच्या तळाशी पडून राहतो. त्याचा वेढा तिच्या घोट्याला बसला होता. काही सेकंदांत तिने स्वतःच पाय सोडवला. किनाऱ्यावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, तुझा तो दोर काप आधी."

मग कसा बसवायचा?

आधी जुनं सामान तपासा. बूमवरची पट्टी हाताने हलवून पाहा, रिव्हेटभोवती पांढरी पावडर दिसली तर ॲल्युमिनियम गंजतंय. नवी पट्टी लावताना बूमच्या दोन्ही बाजूंना धरणारी घ्या. तसं केलं की ओढ रिव्हेटांना उपटत नाही, आडवी येते आणि ते कितीतरी जास्त ताण सहन करतात. मी मोनेलचे रिव्हेट वापरले. बूमभोवती नुसता मजबूत पट्टा गुंडाळणं अजून सोपं, पण शिडाची खालची कड बूमच्या खाचेत बसत असेल तर पट्टा तिथून जाणार नाही. खालची कडी शक्यतो बूमच्या सांध्याच्या बरोबर खाली हवी. ती पुढे-मागे असेल तर बूम बाहेर गेल्यावर व्हँग आपोआप घट्ट किंवा सैल होतो.

4:1 साठी तीन कप्प्या पुरतात. पहिली बूमला टांगा. 4 मिमीचा, न ताणणारा डायनीमा दोर खालच्या कडीला बांधा, पहिल्या कप्पीतून वरून घ्या आणि त्याच्या लोंबत्या टोकाला दुसरी कप्पी बांधा. आता 6 मिमीचा पॉलिस्टर दोर खालच्याच कडीला बांधून दुसऱ्या कप्पीतून फिरवा आणि डोलकाठीच्या पायथ्याशी असलेल्या तिसऱ्या कप्पीतून, कॅम क्लीटमध्ये आणा. कॅम क्लीट म्हणजे दोर दाताळ्या जबड्यात पकडणारी खिट्टी. व्हँग पूर्ण सैल आणि पूर्ण घट्ट, दोन्ही वेळी लोंबती कप्पी कुठे अडत नाही ना ते किनाऱ्यावरच बघा. नायलॉनचा दोर नको, तो ताणतो.

क्लीट अशा कोनात लावा की झटका दिल्यावर, भार असतानाही, दोर सुटला पाहिजे. शीड चढवण्याआधी, उतरवण्याआधी आणि बोट उलटल्यावर सरळ करण्याआधी व्हँग सोडायचा. जोराच्या वाऱ्यात बाजूने जाताना बूमचं टोक पाण्याला लागू लागलं तर तेव्हाही, लगेच.

किती घट्ट ठेवायचा, यासाठी मोबाईल कामाला येतो. मित्राला मागच्या बोटीतून व्हिडिओ काढायला सांगा आणि शिडातली सगळ्यात वरची पट्टी, म्हणजे बॅटन, बूमला साधारण समांतर आहे का ते थांबवून पाहा. वरची पट्टी बाहेर पडलेली दिसली तर थोडा ओढा, आत वळलेली दिसली तर सोडा. मंद वाऱ्यात जवळजवळ सैलच बरा.

आमच्या बोटीवर सध्या 4:1 आहे. दोराचं टोक हातभर मोकळं ठेवून बाकीचा कापून टाकलाय, आणि खारं पाणी लागलं की क्लीटचे दात गोड्या पाण्याने धुवायचं काम बहिणीने माझ्याकडे दिलंय.