उभ्या कापसातील नांगर

पीक बुडाले म्हणजे शेतकरी बुडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पीक उदंड आल्यानेही तो बुडतो, याचा अनुभव १९२९ नंतरच्या मंदीत दक्षिण अमेरिकेतील, म्हणजे संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेकडील, कापूसवाल्यांना आला. १९२९ साली पौंडाला १६ सेंटांवर असलेला कापूस १९३२ साली ७ सेंटांच्याही खाली गेला.

अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी शेतीच्या नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा कापसाची पेरणी बहुतेक उरकली होती. सरकारने सांगितले, उभे पीक मोडा, मोबदला आम्ही देतो. त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवर, म्हणजे पेरलेल्या कापसाच्या चौथ्या हिश्शावर, नांगर फिरला. जन्मभर दोन ओळींमधून चाललेली खेचरे रोपांवर पाय द्यायला तयार होईनात, अशी आठवण लोक सांगत.

भाव सावरला. परंतु मोबदल्याचा पैसा कोणाच्या हाती पडला?

आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट कौंटी पाहा. तेथे जमीन मोठ्या मळेवाल्यांची आणि कष्ट वाटेकऱ्यांचे. घर, खेचर, बियाणे मालकाचे. निम्मे पीक वाटेकऱ्याचे. आणि त्या निम्म्यातून मळ्याच्या दुकानातील उधारी वळती व्हायची. १९३४ च्या करारात जमीन पडीक ठेवण्याबद्दल पौंडाला साडेतीन सेंट खंड ठरला. तो सारा मालकाचा. याशिवाय पौंडाला एक सेंट मिळे, त्यात वाटेकऱ्याचा हिस्सा अर्धा. तोही मालकाच्या हातून यायचा. शिवाय जमीन कमी कसायची म्हणजे माणसेही कमी लागणार. वाटेकऱ्यांची संख्या ‘शक्य तोवर’ कायम ठेवावी, असे कलम होते खरे. पण शक्य काय, हे पाहणाऱ्या स्थानिक समित्यांवर वजन मळेवाल्यांचेच होते. अनेक कुटुंबे रस्त्यावर आली.

जुलै १९३४ मध्ये याच कौंटीतील टायरोन्झा गावी ११ गोरे आणि ७ काळे शेतकरी एकत्र जमले व त्यांनी वाटेकऱ्यांचा संघ स्थापन केला. वर्णभेदाच्या त्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हती. वॉशिंग्टनच्या शेतीखात्यातील काही कायदेपंडितांनी त्यांची बाजू उचलली. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबदल्याची ती योजना घटनाबाह्य ठरवली. पुढच्या योजनांत वाटेकऱ्याचा हिस्सा वाढला, तसे पुष्कळ मालकांनी वाटेकरी काढून रोजंदारीचे मजूर आणि ट्रॅक्टर आणले.

आपल्याकडे १९४८ च्या मुंबई कूळकायद्याने कसणाऱ्याचा हक्क मानला, आणि त्यातील पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कुळाला जमिनीचा खरेदीदार ठरवले. तरी २०१९ साली शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये देणारी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा पात्रता ठरली ती जमिनीवरील नावावरून. बटाईने कसणारा तिच्याबाहेर राहिला. सरकारचा पैसा दप्तरातील नाव शोधत जातो. म्हणून मदत किती द्यायची याच्याही आधी, दप्तरात नाव कोणाचे लिहिले आहे, हे पाहावे लागते.