कोड सायनिंग

संगणकावरील प्रोग्रामला त्याच्या निर्मात्याने जोडलेली डिजिटल स्वाक्षरी. प्रोग्राम कोणाकडून आला आणि स्वाक्षरीनंतर त्यात कोणी फेरफार केला का, एवढेच तिच्यावरून पडताळता येते. प्रोग्राम निर्धोक असल्याची हमी ती देत नाही. तिच्याविषयीचा सर्वांत घातक गैरसमज हाच.

निर्माता फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला आकडी ठसा, काढून त्यावर आपल्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो. किल्ली त्याचीच असल्याची ग्वाही प्रमाणपत्र देणारी संस्था देते. मायक्रोसॉफ्टची ‘ऑथेंटिकोड’ पद्धत १९९६पासून वापरात आहे. विंडोजवर ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला ‘झोन आयडेंटिफायर’ ही सहसा न दिसणारी नोंद चिकटते. तीत ३ हा आकडा असला, की फाइल इंटरनेटवरून आली असे समजायचे. अशी फाइल चालवू लागताच ‘स्मार्टस्क्रीन’ तिची स्वाक्षरी आणि लौकिक तपासते. नव्या प्रोग्रामला लौकिक कुठला? त्यामुळे स्वाक्षरी वैध असूनही इशाऱ्याची निळी चौकट येऊ शकते. एकट्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही अट फार जाचते. मॅकवर हे काम २०१२पासून ‘गेटकीपर’ करतो. कॅटालिना (२०१९) आवृत्तीपासून ॲप आधी ॲपलकडे पाठवून तपासून घ्यावे लागते. तपासणीनंतर मिळालेले तिकीट ॲपला जोडले, की नेट नसतानाही पडताळणी होते.

स्वाक्षरी आतून बाहेर करत जातात: आधी आतल्या फाइली, मग इन्स्टॉलर. नंतर एखादी फाइल बदलली, तर स्वाक्षरी रद्दबातल ठरते. सोबत कालमुद्रा घेणे कधीही टाळू नये. ती असेल, तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही जुनी स्वाक्षरी ग्राह्य धरली जाते.

२०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी स्वाक्षरित होते. विंडोजने ते विनातक्रार स्वीकारले. प्रमाणपत्रे रद्द झाली, पण चोरी उमगल्यानंतर. फाइल म्हणून साठवलेल्या किल्लीची सहज नक्कल होते; म्हणून १ जून २०२३पासून सार्वजनिक प्रमाणपत्रांच्या किल्ल्या प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचे बंधन आले. आपल्याकडे ई-निविदा भरताना लागणारा डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राचा (डीएससी) यूएसबी टोकन याच जातीचा. आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरला असा टोकन जोडून ठेवणे गैरसोयीचे असल्याने अनेक निर्माते आता क्लाउडवरील हार्डवेअर मॉड्यूलमधून स्वाक्षरी करतात.